आखूड नळीला जोरदार काडतूस कशाला?

संपादक साहेब,
दोन इंची नळीच्या रिव्हॉल्व्हरला लोक सरळ सगळ्यात जोरदार काडतूस मागतात, हे मला अजिबात पटत नाही. नळी आखूड म्हणजे गोळीचा वेग कमी, मग होलो पॉइंट (टोकाला पोकळी असलेली, लागल्यावर फुलून रुंद होणारी गोळी) बऱ्याचदा फुलतच नाही, आणि .३५७ मॅग्नमसारखं जोरदार काडतूस घातलं तर नुसता जाळ, आवाज आणि असा झटका की दुसरी गोळी नेमावर बसणं अवघड. त्यापेक्षा कमी जोराच्या .३८ स्पेशलचं १४८ ग्रेन वजनाच्या, चपट्या तोंडाच्या गोळीचं वॉडकटर बरं, झटका कमी आणि फुलायचा प्रश्नच नाही. प्लस पी, म्हणजे जास्त दाबाचं काडतूस, रिव्हॉल्व्हरच्या कंपनीने चालेल म्हटलं असेल तरच. आणि हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये झटक्याने उरलेल्या काडतुसातली गोळी पुढे सरकून सिलिंडर अडकू शकतो, म्हणून पाच गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर असेल तर रेंजवर चार झाडून पाचवं काढून गोळी सरकली का ते तपासाच.
- एक वाचक