तारा कोणाच्या मालकीच्या?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वीजवितरण खासगी असावे की सरकारी, या जुन्या वादात शहराच्या स्वतःच्या वीजसंस्थेचा पर्याय क्वचितच चर्चेत येतो. वीज विकणारा काही ठिकाणी बदलता येतो, पण दारापर्यंत येणाऱ्या तारा बदलता येत नाहीत. एकाच रस्त्यावर दोघांनी खांब रोवणे कोणालाच परवडणारे नसते. मक्तेदारी टळणारच नसेल, तर ती भागधारकांच्या हाती असावी की वीज वापरणाऱ्यांच्या, एवढेच ठरवायचे उरते.

खासगी वितरण कंपनीचा नफा बहुधा नियामक आयोग गुंतवलेल्या भांडवलावरील परतावा म्हणून ठरवून देतो. या पद्धतीत जास्त भांडवल ओतण्याकडेच कंपनीचा कल राहतो, हे एव्हर्च आणि जॉन्सन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६२ मध्येच दाखवून दिले होते. नवे उपकेंद्र उभारले की त्यावर वर्षानुवर्षे परतावा मिळतो. तारांवर झुकलेल्या फांद्या पावसाळी वाऱ्यांआधी छाटणे किंवा जुन्या ट्रान्सफॉर्मरमधले तेल वेळच्या वेळी तपासणे हा मात्र निव्वळ खर्च, त्यावर एक पैसाही सुटत नाही. आणि नेमकी हीच कामे मागे पडली की रात्री-अपरात्री अंधार होतो. शहराच्या संस्थेला लाभांश द्यायचा नसतो आणि कर्जही बहुधा कमी व्याजाने मिळते, त्यामुळे हा कल तिच्यात मुळातच कमी असतो. तो अजिबात नसतो, असे मी म्हणणार नाही.

कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटोच्या मतदारांनी १९२३ मध्ये सार्वजनिक वीजसंस्थेला कौल दिला. पण जुन्या कंपनीशी चाललेल्या झगड्यामुळे प्रत्यक्ष पुरवठा सुरू व्हायला १९४६ साल संपत आले. याच संस्थेचा रांचो सेको अणुवीज प्रकल्प वारंवार बंद पडू लागला, तेव्हा १९८९ मध्ये तो चालू ठेवायचा की नाही यावर थेट मतदान झाले, लोकांनी नकार दिला आणि प्रकल्प बंद झाला. तो निर्णय बरोबर होता की चूक, यावर मतभेद असू शकतात. परंतु आपल्या कंपनीचा एखादा वीजप्रकल्प बंद करावा का, असे खासगी कंपनीच्या ग्राहकाला कधी कोणी विचारले आहे काय? हॅम्बुर्गमध्येही २०१३ च्या सार्वमतात वीजजाळे परत विकत घेण्याच्या बाजूने जेमतेम निम्म्याहून थोडी जास्त मते पडली, आणि शहराने ते विकत घेतले.

विरोधकांचा एक आक्षेप मात्र मला पूर्णपणे मान्य आहे. वीजखाते हे शहराच्या रिकाम्या तिजोरीला दुभती गाय वाटू लागते. मुंबईत १९४७ पासून महापालिकेच्या मालकीच्या असलेल्या बेस्टच्या वीजग्राहकांच्या बिलांतून काही वर्षे बससेवेची तूट वसूल केली गेली. बस चालायला हवी, यात वाद नाही. पण तिचा भार वीजबिलाच्या आडून नको, करातून उघडपणे यावा. म्हणून संस्थेचे हिशेब पालिकेच्या हिशेबांपासून वेगळे असावेत, शहराला किती रक्कम द्यायची याची मर्यादा कायद्यात असावी आणि दरवाढ खुल्या सुनावणीनंतरच व्हावी. एवढे नसेल तर मीसुद्धा शहराच्या वीजसंस्थेच्या विरोधात मत देईन.

दुसरी अडचण हस्तांतराची आहे. कोलोरॅडोतील बोल्डर शहराने २०११ मध्ये मतदारांची संमती मिळवली, त्यानंतर न्यायालये आणि नियामक आयोग यांच्या फेऱ्यांत सुमारे नऊ वर्षे आणि बराच पैसा घालवला, आणि २०२० मध्ये कंपनीशी तडजोड करून हा प्रयत्न सोडून दिला. याउलट फ्लोरिडातील विंटर पार्क या छोट्या शहराच्या जुन्या परवाना करारातच, मुदत संपल्यावर जाळे विकत घेण्याचा हक्क लिहिलेला होता. २००३ मध्ये मतदान झाले, २००५ मध्ये जाळे शहराच्या ताब्यात आले आणि वादळात तुटणाऱ्या तारा जमिनीखाली नेण्याचे काम शहराने हाती घेतले.

तेव्हा आज ज्या शहराला वीजजाळे चालवण्याची हिंमत किंवा ऐपत नाही, त्यानेही पुढचा परवाना करार करताना खरेदीच्या हक्काचे कलम आणि किंमत ठरवण्याची पद्धत त्यात स्पष्ट लिहून घ्यावी, आणि खांब, तारा, ट्रान्सफॉर्मर यांची वयासह नोंदवही दरवर्षी कंपनीकडून मागून घ्यावी.

आपला,
एक वीजग्राहक