परळच्या धर्मशाळेतल्या काकांचे आभार

जबड्याच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर रेडिएशनसाठी मी परळच्या धर्मशाळेत राहत होतो. टेबलावर तोंडावरचा जाळीदार मास्क घट्ट बसवला की जीव घुसमटायचा. रात्री झोप नाही, घास गिळवत नाही. घरचा कर्ता माणूस रडतो कसा, म्हणून बायकोलाही काही सांगायचो नाही. जगणंच नकोसं झालं होतं.

खोलीत साताऱ्याकडचे एक काका होते, त्यांचाही आजार तोच. एका संध्याकाळी ते बॅटरीवरचा ट्रिमर घेऊन आले. रेडिएशन चाललेल्या कातडीला वस्तरा लावायचा नसतो, हे त्यांना ठाऊक होतं. हनुवटी हलकेच धरून, टाक्यांच्या खुणा सांभाळत त्यांनी माझी वाढलेली दाढी उतरवली. मग म्हणाले, "मीबी लई रडलोय, गड्या. तू बोल." मी बोललो, पुष्कळ वेळ.

दुसऱ्या दिवशी आपला नंबर सोडून ते मला समुपदेशक मॅडमकडे घेऊन गेले, आणि बाहेर बाकावर बसून राहिले.

काका, मनापासून आभार. मॅडमचेही. मनाच्या त्रासासाठी असलेली टेलि-मानसची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन त्यांनीच लिहून दिली. तिथे मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत, रात्रीही फोन लागतो.