दिंडोरीच्या भाऊ-वहिनींना, वरुडहून

भाऊ, वहिनी, सप्रेम नमस्कार.

तुमची वायनरी विकली गेली, टाक्या ट्रकवर चढल्या, हे परवा कळलं अन् घास उतरेना. आभार मानायचे राहूनच गेले होते.

मागे एका फेब्रुवारीत आमच्या अभ्यासदौऱ्याची गाडी आली होती, आठवतं? सगळे संत्रावाले. वाइन चाखायची टेस्टिंग रूम म्हणजे पत्र्याच्या शेडमधली एक फळी अन् चार स्टूल. मी माळकरी, म्हणून दारातच थांबलो. तुम्ही आग्रह केला नाही. आत जाऊन दोन पेले घेऊन आलात. "हा शेनिन ब्लाँ द्राक्षाचा ताजा रस आहे, आंबवलेला नाही. एक नाल्याकाठचा, एक मुरमाड चढावरचा. कोणता कुठला, सांगा."

एक नुसता गोड, पाणचट. दुसरा जिभेच्या कडा धरणारा, गिळल्यावरही रेंगाळणारा. मुरमाचा मी बरोबर ओळखला, तेव्हा माझ्याआधी वहिनीच खुश झाल्या.

मग मी पिशवीतलं मृग बहराचं संत्रं काढलं. तुम्ही साखर मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर रसाचा थेंब टाकला, झाकण पाडलं, उजेडाकडे धरून मला बघायला लावलं. निळ्या-पांढऱ्याच्या मधली रेघ १० वर. तुमची द्राक्षं २२ वर होती. माझा चेहरा उतरला. तुम्ही म्हणालात, "वाइनला साखर लागते, कारण तिचाच अल्कोहोल होतो. खायच्या फळात गोडाला आंबटाची जोड कशी आहे, ते बघा."

भाऊ, ३० वर्षं बाग केली, पण झाडागणिक चव कधी घेतली नव्हती. आमच्याकडे व्यापारी रंग-आकार बघून झाडावरचाच माल मागतो, मग आपणही तेवढंच बघतो. त्या सालापासून मी ओळीओळीतलं फळ फोडून चाखतो. विहिरीजवळच्या काळ्या जमिनीतला माल व्यापाऱ्याला देतो. टेकाडावरच्या ६ ओळी राखतो, त्यांचा माल वेगळ्या पेट्यांत भरून स्वतः अमरावतीला नेतो. तिथली गिऱ्हाइकं आता बहराआधीच फोन करतात.

निघताना तुम्ही ते रिफ्रॅक्टोमीटर माझ्या हातात ठेवलंत. ते देवघराच्या कोनाड्यात असतं, नातवाला हात लावू देत नाही.

यंदाचा मृग उतरला की एक पेटी घरी पाठवतो. त्यात विहिरीजवळचं एकच फळ टाकीन. वहिनींनी ओळखून सांगावं.