आलं आधी पाण्यात उकळू दे

कोरेगाव, जि. सातारा
१० जानेवारी

चि. माईस,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री फोनवर तुझा आवाज पहिल्यांदा ओळखूच आला नाही. नाक चोंदलेलं, घसा बसलेला. त्यात तू म्हणालीस, "आप्पा, आल्याचा चहा करायला गेले तर दोन्ही वेळेला दूध नासलं." मला लगेच सांगायचं होतं, पण चार शब्द बोललीस की तुला ढास लागत होती, म्हणून फोन ठेवला. शेजारचा मुलगा परवा गोवा एक्स्प्रेसने दिल्लीला निघालाय. त्याच्याजवळ हे पत्र, आपल्या शेतातलं दोन किलो आलं, गुळाची एक ढेप आणि आईनं केलेले तिळाचे लाडू देतोय. संक्रांत एक-दोन दिवस मागेपुढे होईल तुझी, चालेल.

दूध वाईट नव्हतं ग. तू आलं किसून थेट उकळत्या दुधात टाकलंस, तिथंच सगळं झालं. कच्च्या आल्यात प्रथिनं तोडणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. दुधाशी त्याची कच्च्यानंच गाठ पडली की दूध फाटतं. पाण्यात चांगली उकळी बसली की ते विकर निकामी होतं, मग खुशाल दूध घाल. चीनच्या दक्षिणेला, ग्वांगडाँग प्रांतात, लोक याच गुणाचा उपयोग करून घेतात. गोड गरम दूध, पण उकळतं नव्हे, आल्याच्या रसावर ओततात आणि ते आपल्या खरवसासारखं थिजतं. म्हणजे आल्याचा हा दोष नव्हे, स्वभाव आहे.

हे मला सुरुवातीपासून माहीत होतं असं समजू नकोस. तू पाच वर्षांची होतीस तेव्हाची गोष्ट. आई तिच्या आईच्या आजारपणासाठी माहेरी गेली होती, घरात आपण दोघंच. रात्री तुझं नाक असं बंद झालं की तुला आडवं होता येईना. दर थोड्या वेळानं दचकून उठायचीस आणि तोंड उघडं टाकून रडायचीस. मी आलं किसलं, फडक्यातून पिळलं आणि रस गरम दुधात घातला. डोळ्यांदेखत दुधाच्या गुठळ्या झाल्या. घरात दुसरं दूध नव्हतं. शाळेत मुलांना विज्ञान शिकवणारा माणूस मी, आणि लेकीच्या सर्दीपुढे त्या पातेल्याकडे बघत उभा राहिलो, याचं त्या रात्री फार वाईट वाटलं.

तुझं रडणं ऐकून पलीकडची आक्का आली. पातेलं बघितलं, काही बोलली नाही. आमच्या खलबत्त्यात आल्याचा लहान तुकडा ठेचला, दारातली तुळशीची पानं खुडली, पाणी चुलीवर ठेवलं आणि मला म्हणाली, "मास्तर, पोरीला खांद्यावर घ्या, उभी राहिली की नाक सुटतं." खरंच सुटलं. गुळाचं ते पाणी तू चमच्या-चमच्यानं प्यायलीस आणि माझ्या खांद्यावरच झोपलीस. दूध का फाटलं ते मी नंतर शोधून काढलं. पण चहा कसा करायचा ते आक्कानं शिकवलं, तेच तुला सांगतोय.

एका कपासाठी दीड कप पाणी घे. आलं तुझ्या अंगठ्याच्या दोन पेरांएवढं. साल सुरीनं जाड काढू नकोस, चमच्याच्या कडेनं खरवड. आपलं आलं असेल तर नुसतं चोळून धुतलंस तरी पुरे. किसण्यापेक्षा ठेच. तुझ्या खोलीवर खलबत्ता नसणार, लाटणं किंवा वाटीचा बूड चालेल. ठेचलेल्या आल्याचे पांढरे दोरे सुटतात, बोटांना ओल लागते आणि वास नाकात शिरतो. तुला आत्ता वास येणार नाही, पण डोळ्यांत जरा चुरचुर झाली तर समज आलं चांगलं ठेचलंय. ते गार पाण्यात टाक आणि मग पातेलं गॅसवर चढव. बरोबर तीन काळी मिरी भरडून, तुळशीची चार-पाच पानं. गवती चहा तिथं मिळाला तर दोन पाती गाठ मारून टाक, नाही मिळाला तर अडत नाही. अर्धवट झाकण ठेवून मंद आचेवर सात-आठ मिनिटं. दीड कपाचं एक कप व्हायला हवं. शेवटी पाव चमचा चहापूड, एक उकळी, गॅस बंद. गूळ त्यानंतर, खाली उतरवून.

सर्दी असेपर्यंत बिनदुधाचाच पी. घशाला तोच बरा लागतो. बरी झालीस की दूध घाल, पण दूध वेगळं तापवून, आल्याला पाण्यात निदान पाच मिनिटं उकळी बसल्यावर. आणि दुधाच्या चहात गूळ घालायचा तर गॅस बंद करूनच, उकळत्या चहात गुळानंही दूध फाटतं. मध हवा असेल तर चहा कोमट झाल्यावर, कपात. लिंबूही तसंच, पण दुधाच्या चहात लिंबू नको.

पिताना घाई करू नकोस. कप दोन्ही हातांत धर, वाफ नाकाकडे येऊ दे, घोट-घोट घे. अर्धं काम ती वाफच करते. बाकीचं काम आल्याच्या तिखटाचं. ताज्या आल्यात जिंजेरॉल असतं, त्यानं घसा आतून गरम झाल्यासारखा वाटतो आणि नाक वाहायला लागतं. वाळवून सुंठ केली की त्याचंच शोगाऑल होतं, ते जास्त तिखट. म्हणून आई सुंठ चिमटीनं घालते आणि आलं पेरानं. आलं संपलं तर डब्यातली सुंठ वापर, पण हात राखून.

आता बापाच्या चार गोष्टी ऐक. या चहानं सर्दी बरी होत नाही, फक्त सोसायला हलकी जाते. सर्दी विषाणूंची असते, ती सात ते दहा दिवसांत आपली आपण जाते. म्हणून मेडिकलच्या काउंटरवरून अँटिबायोटिकची पाकिटं आणू नकोस, ती औषधं जिवाणूंवरची. मागच्या हिवाळ्यात तू पाच दिवसांचा कोर्स घेतलास, दोन दिवसांत बंद केलास आणि मला महिन्यानं सांगितलंस. तेव्हा मी रागावलो होतो. आता रागावत नाही, विनवतोय. ताप तीन दिवसांच्या वर गेला, धाप लागली, छातीत घरघर वाटली किंवा कान ठणकायला लागला तर सरळ डॉक्टरकडे जा, पैशाचा विचार करू नकोस. दिल्लीची या दिवसातली हवा आपल्याकडच्यासारखी नाही. तिथला खोकला निव्वळ सर्दीचा असेलच असं नाही. लायब्ररीतून रात्री चालत येतेस तेव्हा मास्क लाव.

तुला जागरणात पित्त होतं हे मला माहीत आहे. रिकाम्या पोटी आलं घेऊ नकोस आणि दिवसातून दोन-तीन कपांच्या वर जाऊ नकोस. अभ्यास दोन दिवस राहिला तर राहू दे. राजेंद्रनगरच्या त्या खोलीत तिघी राहता, त्यांना हात धुवायला सांग आणि तूही धू.

आल्याबद्दल सांगायचं राहिलं. यंदाचं पीक बरं आहे. पावसाळ्यात खालच्या वाफ्यात पाणी साचलं, तिथं कंदकूज लागली आणि चार सरी हातच्या गेल्या. बाकीच्या गादीवाफ्यांना मातीची भर वेळेवर लागली होती, ते वाचले. काढणी मागच्या आठवड्यात सुरू झाली. गड्डे हाताएवढे निघतायत, पंज्यासारखे पसरलेले. व्यापारी येऊन गाडीचा भाव बोलून गेला. ५०० किलोच्या गाडीला तो देतो म्हणाला तेवढ्यात खर्च निघतो, वर फार राहत नाही. थोडं थांबायचं म्हणतोय. तुझ्या फीचं वेगळं ठेवलंय, त्याची काळजी तुझ्या डोक्यात नको.

तुझ्यासाठी दोन किलो वेगळे काढताना मी धुतलं नाही, माती तशीच ठेवलीय. धुतलेलं आलं लवकर मऊ पडतं. कागदात गुंडाळून टोपलीत ठेव, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नकोस, बुरशी धरते. बुरशी आलेला तुकडा कापून उरलेला वापरायचा मोह होतो, तो टाळ. हे नवं आलं आहे, साल पातळ आणि रस भरपूर. बाजारातलं जुनं असेल तर दोरे जास्त आणि तिखटही जास्त, तेव्हा तुकडा थोडा लहान घे.

वर्तमानपत्रात वेगळा बांधलेला एक तुकडा आहे, तो चहात टाकू नकोस. त्याला तीन डोळे चांगले दिसतायत. कोरड्या जागी ठेव. अक्षय तृतीयेला कुंडीत दोन बोटं खोल लाव, डोळे वरच्या बाजूला, आणि दुपारचं ऊन लागणार नाही अशी जागा बघ. पाणी साचू देऊ नकोस, बस. कोंब वर आला की फोटो पाठव, आईला बघायचाय.

तुझे,
आप्पा