विषय: गाईच्या कानातला बिल्ला न वाचताच ती ओढ्यात टाकल्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, महामार्ग देखभाल विभाग

महोदय,

मी दुधाचा टेम्पो चालवतो. आपल्या टोलनाक्याचा मासिक पास काढून रोज पहाटे याच रस्त्यानं जातो.

गेल्या मंगळवारी पावणेपाचला पुलाअलीकडे दुभाजकाला लागून एक गाय मरून पडली होती. मी महामार्गाच्या १०३३ या मदत क्रमांकाला फोन लावला. पाऊण तासात आपली गाडी आली, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण आपल्या माणसांनी गाईच्या मागच्या पायांना साखळी बांधली आणि जेसीबीनं फरफटत नेऊन ती ओढ्यात ढकलली. "कानातला बिल्ला तरी बघा," म्हटलं, तर म्हणाले, "मोकाट असंल." मोकाट गाईच्या गळ्यात नवाकोरा कासरा कुठून येणार?

पिवळ्या बिल्ल्यावर १२ आकडी नंबर असतो. जनावरांच्या दवाखान्यात तो सांगितला की मालकाचं नाव-गाव निघतं. नंबर उतरवून घ्यायला असा कितीसा वेळ लागतो?

ती गाय शेजारच्या वाडीतल्या एका आजींची निघाली. रात्री दावं तोडून गेली होती. गाईचा विमा आहे, पण बिल्ला आणि डॉक्टरांचा शवविच्छेदनाचा दाखला असल्याशिवाय क्लेम पुढं सरकत नाही. आम्हाला पत्ता लागेपर्यंत तिसरा दिवस उजाडला. ओढ्यात उतरलो तेव्हा कुत्र्यांनी दोन्ही कान तोडून नेले होते. आजी नुसता कासरा सोडवून घेऊन आल्या. त्याच ओढ्याकाठी खाली वस्तीची विहीर आहे, तेही सांगून ठेवतो.

आपल्या कार्यालयातल्या रजिस्टरात नोंद एवढीच: "मृत जनावर १, विल्हेवाट लावली." त्याच पानावर "कुत्रा १" असंही आहे. त्याचा फोटो आपल्याच कर्मचाऱ्यानं मोबाइलवर दाखवला. अंगावर काळे पट्टे, मानेवर आयाळ, मागचा भाग उतरता. साहेब, ते तरस आहे! वन्यप्राणी मेलेला सापडला तर वनखात्याला बोलवून पंचनामा करायचा असतो. त्यांचा १९२६ हा नंबर निदान गस्तीच्या गाडीत तरी चिकटवा. आणि यापुढं साखळी लावण्याआधी कानाचा फोटो काढायला सांगा.

गाय कुठं, किती वाजता सापडली आणि कुणी उचलली, याचा सही-शिक्क्याचा दाखला आठ दिवसांत द्यावा. विमा कंपनीकडे द्यायचा आहे. मी त्या पहाटे काढलेला फोटो सोबत जोडला आहे. त्यात बिल्ला पिवळा दिसतो, आकडे मात्र वाचता येत नाहीत.

आपला,
एक पासधारक