रायवळावरचं बांडगूळ

देवगड,
२० फेब्रुवारी

प्रिय नाना,

बांडगुळं काढलीस का, म्हणून विचारलंस. काढली बाबा. परवा गड्याला घेऊन हापूसची सगळी कलमं फिरलो. नुसतं ओरबाडून भागत नाही, मूळ लाकडात शिरलेलं असतं. गाठीच्या खाली वीतभर फांदी छाटावी लागते. एका कलमाची तर पूर्वेची अख्खी फांदी गेली. पुढचा शेंडा वाळून कोळ, आणि बांडगूळ मात्र हिरवंगार! अन्न ते आपल्याच पानांत करतं, चोरतं ते पाणी आणि क्षार. पाण्याची चणचण झाली की झाड हात आखडतं, हे आखडत नाही.

विहिरीवरच्या रायवळाला, त्या कोयीच्या आंब्याला, मात्र कोयता लावला नाही. रागावू नकोस, आधी ऐक.

दमून तिथे टेकलो होतो. अंगठ्याएवढा फुलटोच्या पक्षी आला, बांडगुळाची दोन-तीन फळं गिळली. थोड्या वेळाने फांदीवर आडवा झाला आणि बूड घासायला लागला. बी चिकट, सुटता सुटेना. डिंकाची तार लोंबत होती नुसती. तो उडाल्यावर चष्मा लावून जवळून पाहिलं. शेजारीच एक जुनं बी रुजलेलं, त्याचा हिरवा कोंब उजेडाकडे न जाता सालीकडे वळलेला. पानांवर हळदीकुंकू फुलपाखराच्या अळ्या दाटीवाटीने बसलेल्या. ते अंडी घालतं ती या बांडगुळांच्याच कुळावर.

ऑस्ट्रेलियात डेव्हिड वॉटसन नावाच्या संशोधकाने काही रानांतली बांडगुळं मुद्दाम काढून पाहिली. २०१२ साली निकाल छापला: तीन वर्षांत पक्ष्यांच्या सरासरी पाचव्या हिश्श्याएवढ्या जाती कमी झाल्या. गंमत म्हणजे फळं खाणाऱ्यांपेक्षा मोठा फटका बसला तो जमिनीवर किडे टिपणाऱ्यांना. बांडगूळ पान गाळतं ते सत्त्व परत न घेता, उधळ्या माणसासारखं. त्या पाचोळ्यावर किडे पोसतात, किड्यांवर पक्षी. आमची बाग म्हणजे ऑस्ट्रेलियाचं रान नव्हे, कळतं मला. पण हे वाचल्यापासून रायवळाखालचा पाचोळा झाडू देत नाही. घरात त्यावरून बोलणी खातोय.

तिथलं बी पुन्हा कलमांवर येणारच, दरवर्षी कोयता घेऊन फिरावं लागणार. फिरेन.

मेमध्ये आलास की काय त्या शिव्या दे. येताना तुझी दुर्बीण आण, माझीच्या भिंगाला पावसात बुरशी धरली.

तुझा,
बापू