ओल्या लाकडातले पुतळे होळीला उलतात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगावातल्या वडगाव-शहापूरचा विणकर, ऊसतोड मजूर, डोक्यावर मोळी घेतलेली बाई अशी लाकडी शिल्पे कुणी घडवून घेतली की चर्चा होते ती चेहऱ्यावरच्या भावाची. लाकूड कुठले, किती वाळलेले, हे कुणी विचारत नाही. मग होळीच्या सुमारास तोच चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत उलतो आणि बोल शिल्पकाराला लागतो. आमच्या मते दोष बहुधा ऑर्डर देणाऱ्याच्या घाईचा असतो.

लाकूड सगळीकडून सारखे आकसत नाही. ओलावा ३० टक्क्यांच्या खाली उतरला की आकसणे सुरू होते, आणि घेरातले आकसणे गाभ्याच्या दिशेने होणाऱ्या आकसण्याच्या साधारण दुप्पट असते. अखंड ओंडक्यात हा ताण जाणार कुठे? फूटभर जाडीच्या ओंडक्याला बोट शिरेल एवढी फट पडते. खानापूरकडच्या पावसात कोरलेले ओले लाकूड मार्चच्या कोरड्या वाऱ्यात हेच करते.

ओंडका कापल्या दिवशीच दोन्ही टोकांना मेण किंवा ऑइलपेंट फासावा. मधोमध चिरून गाभ्यातला मऊ गर काढून टाकावा. जाडीच्या दर इंचाला एक वर्ष, सावलीत, खाली पट्ट्या घालून वाळवणे हा सुतारांचा जुना ठोकताळा. ओलावा मोजायच्या पिनांच्या मीटरवर १२ ते १४ टक्के दिसले की पटाशी लावावी. मूर्ती अखंडच हवी तर पाठीमागून पोखरावी. जर्मनीचा शिल्पकार टिलमान रीमेनश्नायडर (मृत्यू १५३१) याने लिंडनच्या लाकडातल्या मूर्ती अशाच पोखरल्या. तेही जमत नसेल तर पाठीत गाभ्यापर्यंत करवतीची उभी खाच द्यावी. फट तिथे उघडते, चेहरा वाचतो. पडलेली फट उन्हाळ्यात फेविकॉल-भुशाने गच्च भरू नये. पावसात लाकूड फुगते, भरावाला जागा देत नाही, आणि तडा दुसरीकडे जातो. त्याच लाकडाची पातळ पाचर एकाच बाजूला चिकटवून बसवणे बरे.

शिवण हलके, कमी हलणारे आणि कोरायला गोड. फणसही चांगला. सागवान टिकते, पण त्यातली सिलिका पटाशीची धार खाते. आंबा स्वस्त मिळतो, पण भुंगा आणि बुरशी त्याला आधी गाठतात. नीलगिरीच्या वाटेला जाऊच नये.

पसरलेला हात हा सगळ्यात नाजूक भाग. उभ्या नसेच्या (म्हणजे उभ्या तंतूंच्या) लाकडातून आडवा हात काढला तर नस आडवी तुटते आणि उचलता-ठेवताना तो मनगटाशी मोडतो. हाताची नस हाताच्याच दिशेने ठेवून तो वेगळा कोरावा आणि खुंटीने जोडावा. जर्मन शिल्पकार एर्न्स्ट बारलाखची (१८७०–१९३८) शिल्पे यासाठी पाहण्यासारखी आहेत. त्याचे भिकारी आणि थकलेली माणसे हातपाय अंगाशी घेऊन कपड्यांच्या घड्यांत मिटलेली असतात, त्यामुळे ठोकळा शाबूत राहतो आणि दुःखही दाटते. मॅग्डेबर्ग कॅथेड्रलमधल्या त्याच्या ओकच्या युद्धस्मारकात (१९२९) विजयी वीर नाही, खचलेले सैनिक आणि शोक करणारी बाई आहे. १९३४ मध्ये ते तिथून हलवले गेले, युद्धानंतर परत आले.

पिठासारखी भुकटी खाली पडू लागली की भुंगा आत आहे असे समजावे. खबरदारी कोरण्याआधीच घ्यावी: पांढरा बाहेरचा भाग तासून काढावा, उघड्या लाकडाला बोरिक ॲसिड एक भाग व टाकणखार दीड भाग यांचे पाच टक्क्यांचे द्रावण पाजावे. पावसात हे धुऊन जाते, म्हणून शिल्प छपराखालीच हवे. खिडकीतले ऊन आणि पंख्याचा थेट झोतही नको.

कच्चे जवसाचे तेल पावसाळ्यात बुरशीला आयते खाद्य होते. उकळलेले तेल पातळ हाताने लावावे आणि चिंध्या पाण्यात बुडवून ठेवाव्यात, कारण तेलाच्या चोळामोळा चिंध्या आपोआप पेट घेतात. एका सभागृहात रखवालदाराने ‘चकाकी यावी’ म्हणून शिल्पावर चमकदार वार्निशचे जाड थर दिले. पटाशीच्या खुणा बुजल्या, मजूर बाहुल्यासारखा दिसू लागला.

संस्थांनी आणि मंडळांनी ऑर्डर देतानाच लाकडाची जात, ओलाव्याची मर्यादा, जागा आणि देखभाल लिहून घ्यावी, आणि उद्घाटनाच्या निदान दीड-दोन वर्षे आधी लाकडाचे पैसे शिल्पकाराच्या हाती द्यावेत.

आपले,
लाकूडकाम व मूर्तिकाम करणारे काही कारागीर,
बेळगाव-खानापूर